मुद्देमाल : दगड, नग तीन

वनखात्यात नोकरी केली म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो आणि विचारतो, "वाघ पाहिला असेल ना तुम्ही?" तीस वर्षांवर नोकरी झाली, पण वाघ मी अजून फक्त कॅलेंडरवर पाहिला आहे. त्याहून मोठी अडचण अशी की माझ्या जंगलात झाडंच नव्हती. सातबाऱ्यावर 'वन' असा शिक्का होता, आणि जागेवर गुडघाभर गवत, मुरूम, दगड आणि चारी बाजूंना टेकलेलं आभाळ. पहिल्यांदा हजर व्हायला गेलो तेव्हा एसटीतून उतरून मी एका माणसाला विचारलं होतं, "जंगल कुठं आहे?" तो म्हणाला, "तुमी त्यातच हुबं हाय की."

माझा जन्म भंडारदऱ्याच्या बाजूचा. तिकडं पावसाळ्यात चार महिने अंगावरचं कापड धड वाळत नाही, आणि झाडीतून चालताना पुढचा माणूस दिसत नाही. जंगल म्हणजे काय हे मी आईच्या कडेवरूनच शिकलो होतो, असा माझा समज. नोकरीत मात्र नेमणूक झाली जिल्ह्याच्या थेट दुसऱ्या टोकाला, नगरच्या दक्षिणेकडच्या कोरड्या माळांवर. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. माळ तेव्हाही पाण्याची वाट बघत होता, आताही बघतो आहे.

वनरक्षकाच्या वाटणीला जंगलाचा जो तुकडा येतो त्याला बीट म्हणतात. त्यात रोज फिरायचं, तोड होऊ द्यायची नाही, चराई रोखायची, आग लागली तर विझवायची, आणि पावसाळ्याच्या तोंडाला झाडं लावायची. या कामांतली बहुतेक मी बऱ्यापैकी केली. झाडं तर इतकी चांगली लावली की मला प्रशस्तिपत्रक मिळालं. हा लेख त्या प्रशस्तिपत्रकाबद्दल आहे.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'गमतीदार अनुभव असावेत.' त्यांचा शब्द मोडायला नको म्हणून आधी दोन गमती सांगतो.

एका सकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला. तुरीत बिबट्या शिरलाय, पिलं घेऊन बसलाय, लगेच या. मी काठी, शिट्टी, जाळी आणि दोन मजूर घेऊन धावत गेलो. अर्धं गाव बांधावर उभं. तुरीच्या कडेला बिळाच्या तोंडाशी एक खोकड बसलं होतं. खोकड म्हणजे मांजराहून थोडा मोठा, झुपकेदार शेपटीचा कोल्हा. इतकी माणसं आपल्याला बघायला का आली असतील, असा त्याचा चेहरा. मग त्यानं जांभई दिली आणि बिळात गेलं. शेतकरी म्हणाला, "पिल्लू आसंल बिबट्याचं." मी म्हटलं, "हे पिल्लू नाही, हा घरचा कर्ता आहे." हे खोकड मला फार आवडायचं. उन्हाचं बिळात पडून राहायचं, ऊन उतरलं की निघायचं. पाणी दिसलं तर प्यायचं, नाही तर उंदीर, किडे आणि बोरं यांच्या अंगातली ओल त्याला पुरते. माझ्या घरात मात्र दोन दिवस टँकर आला नाही की महाभारत.

दुसरी गमत माझीच. उन्हाळ्यात प्राण्यांसाठी आम्ही पाणवठे बांधतो आणि टँकरनं भरतो. मी बांधलेला पहिला पाणवठा अगदी हौदासारखा, सरळ भिंतींचा, कडा गुळगुळीत. मला मोठा अभिमान. महिनाभर त्यावर एक पाखरू उतरलं नाही. शेजारी टँकरची नळी गळून जे चिखलाचं डबकं झालं होतं, त्याच्यावर मात्र सकाळी पखुर्ड्यांचे थवे. पखुर्डी म्हणजे पारव्यासारखं, मातीच्या रंगाचं पाखरू. त्यांच्यातला नर डबक्याच्या उतरत्या काठावर चालत पाण्यात जातो, पोटाची पिसं हलवून हलवून भिजवतो आणि तसाच उडतो. मैल-दोन मैलांवर पिलं असतात. ती बापाच्या पोटाखाली शिरतात आणि पिसं चोखून पाणी पितात. हे मी दुर्बिणीतून पाहिलं, त्या दिवशी मजुरांना बोलावून हौदाची एक भिंत फोडली आणि उतार केला. साहेबांनी विचारलं, "बांधलेलं काम फोडलं का?" मी म्हटलं, "साहेब, बापाला आत शिरता येत नव्हतं."

ही गोष्ट मी निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितली, टाळ्या पडल्या. पुढची सांगितली नाही.

आमच्या बीटाजवळच्या शाळेत कुलकर्णी सर भूगोल शिकवायचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. अंगानं काटकुळे, पण आवाज खणखणीत. 'वाळवंट आणि टुंड्रा' हा धडा आला की ते वर्ग घेऊन थेट माळावर यायचे. मुलांना पाणी पाजायचं काम माझ्याकडं.

ते मजुराच्या हातातली पहार घ्यायचे आणि एखाद्या मुलाला म्हणायचे, "मार." पहार हातभर आत जायची आणि ठण्ण वाजायची. सर म्हणायचे, "ऐकलंत? खाली कातळ. आता टुंड्रा. पृथ्वीच्या माथ्यावरचा तो प्रदेश. तिथं हातभर खाली जमीन बाराही महिने गोठलेली. तिथं बर्फ, इथं दगड. मुळाला खाली जायला वाट नाही, वर वारा उभं राहू देत नाही. मग दोन्हीकडच्या जिवांनी एकच युक्ती काढली. उंच व्हायचं नाही. जमिनीला धरून राहायचं."

मग ते मुलांना कुसळीचं कुसळ हातावर ठेवून त्याला थुंकी लावायला सांगायचे. ओल लागली की ते कुसळ स्वतःभोवती पीळ घेत फिरतं. सर म्हणायचे, "हे गवताचं बी नाही, हे गिरमिट आहे. दव पडलं की फिरतं, वाळलं की उलटं फिरतं. असं करत करत स्वतःला जमिनीत पेरून घेतं. याला कुणाची गरज नाही." हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणाऱ्या भोवत्या दाखवायचे. उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतून हे शिकारी पक्षी आमच्या माळावर नाकतोडे खायला येतात आणि झोपतातही गवतातच, जमिनीवर. टुंड्रात अंडी घालून येणारा एक चिखल्याही आमच्याकडं उतरायचा. सर म्हणायचे, "त्याला विचारा, हजारो मैल उडून इथंच का आलास? तो म्हणेल, इथं माझ्या गावासारखं झाड नाही म्हणून."

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, मग इथं झाडं लावली तर?"

सर म्हणाले, "तर कावळ्याला माडी बांधून दिल्यासारखं होईल. जमिनीवर अंडी घालणाऱ्यांच्या घरात तो वरून बघत बसेल."

मी पाण्याचा जग धरून तिथंच उभा होतो. शब्दन् शब्द ऐकला. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच वर्षी माळावर रोपवन घ्यायचा हुकूम आला. गिरिपुष्प, सीताफळ, कडुनिंब अशी रोपं. खड्डे चैत्र-वैशाखात खणून ठेवायचे, पावसाळ्यात लागवड. हुकूम माझा नव्हता, तो थांबवणंही माझ्या हातात नव्हतं. पण मला वाईट वाटलं नाही, हे कबूल करतो. उलट आनंद झाला. भंडारदऱ्याच्या माणसाला उघडा माळ बघवत नसे. वाटायचं, एकदा इथं सावली झाली की लोक म्हणतील, याच्या हाताला गुण आहे.

त्या माळावर गंगूबाई मेंढरं चारायची. तेव्हा पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडं, हातात तिच्याहून उंच काठी. नवरा वारलेला, मुलगी प्रवरेकाठी कोल्हारला दिलेली. बाकीचे धनगर दसरा झाला की मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे आणि पावसाच्या आत परतायचे. ही एकटी बाई, चाळीसेक मेंढरांचा कळप, ती कुठं जाणार? ती बारा महिने याच माळाच्या आधारानं राहायची. माळ बंद झाला तर तिच्या मेंढरांना दुसरं रान नव्हतं. चराईवरून आमची रोजची तोंडातोंडी. मी तिला 'ए बाई' म्हणायचो. ती मला 'गारडसायेब' म्हणायची.

रोपवनाची आखणी करायला मी चैत्रात माळ पायाखाली घातला, तेव्हा जागोजाग दगडांच्या खुणा दिसल्या. तीन-तीन दगड, एकावर एक किंवा जवळजवळ मांडलेले. माणसानं मांडलेले, यात शंका नाही. आमच्या धंद्यात दगडाची खूण म्हणजे एकच. लोक वनजमिनीवर आधी दगड लावतात, मग कुंपण घालतात, मग बाजरी पेरतात, मग कोर्टात जातात. अतिक्रमण असंच सुरू होतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं. मी मोजले, बावीस ठिकाणी दगड. बावीस ठिकाणी जमीन धरणारा माणूस साधा नसणार. आणि त्या माळावर रोज वावर असणारं माणूस एकच होतं.

दोन पंच घेऊन गेलो. गंगूबाईला बोलावलं. एका खुणेपाशी उभं राहून विचारलं, "हे दगड कुणी ठेवले?"

"म्या."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, "कशाला?"

"पाखराची खून हाय ती. हितं पाखरू बसलंय. मेंढरू आलं की मला लांबनं कळाया नगं का? दगूड दिसला की मी कळप वळवून नेती."

मी आजूबाजूला पाहिलं. मुरूम आणि खडे, दुसरं काही नाही. म्हटलं, "कुठं आहे पाखरू?"

"आसं चार-चार मान्सं आंगावर आल्याव ते बसंल व्हय?"

एक पंच हसला. मीही हसलो. एक पाखरू आमच्यासमोर दहा पावलं पळत होतं, ताठ थांबत होतं, परत पळत होतं. पंच म्हणाला, "ते बगा येडं पाखरू." मी लिहायला घेतलं. 'वनजमिनीवर अतिक्रमण करण्याच्या हेतूने हद्दीच्या खुणा केल्या.' पुरावा हवा म्हणून त्या खुणेचे तीन दगड उचलले. पंचनाम्यात लिहिलं, मुद्देमाल : दगड, नग तीन. गंगूबाईनं अंगठा देताना एवढंच म्हटलं, "गारडसायेब, म्या जमिनीची चोर न्हाई. तेवडं लिवा कागदावं."

मी लिहिलं नाही. वनगुन्हा नोंदला गेला आणि तिला माळावर मेंढरं आणायला मनाई झाली. बाकीच्या एकवीस खुणा मजुरांनी मोडल्या. आणि सांगायलाच हवं, दगड उचलल्यावर जी मोकळी जागा राहिली तिथंच खड्डे आखणं सोपं गेलं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तिथंच टिकाव पडले.

वैशाख लागला. एक दिवस भर दुपारी मी खड्डे तपासत माळावरून चाललो होतो. चप्पल पायाला चिकटत होती, एवढं तापलेलं. समोर एक पाखरू उभं दिसलं. पारव्याहून लहान, पाय लांब, छाती विटकरी, डोळ्यावर पांढरी पट्टी. त्याला धाविक म्हणतात. एरवी माणूस दिसला की पळत सुटणारं हे पाखरू जागचं हलत नव्हतं. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, ऊन झेलत नुसतं उभं. मला वाटलं आजारी आहे. जवळ गेलो तसं अगदी नाइलाजानं पाच पावलं सरकलं. ते जिथं उभं होतं तिथं मी खाली वाकून पाहिलं. एक मिनिटभर काहीच दिसेना. मग दोन खडे खड्यांसारखे वाटेनात. मातकट, वर काळे शिंतोडे. अंडी होती. ते पाखरू अंडी उबवत नव्हतं, त्यांच्यावर स्वतःची सावली धरून उभं होतं. त्या उन्हात उघडी राहिली असती तर अंडी तिथंच शिजली असती.

मी त्या पाखराकडं बघत राहिलो आणि पंचनाम्याच्या दिवशीचं 'येडं पाखरू' आठवलं. दहा पावलं पळणारं, थांबणारं, परत पळणारं. आम्ही चार माणसं त्याच्या अंड्यांपाशी उभे होतो. कदाचित अंड्यांवरच उभे होतो. मी खाली बसलो. मोडलेल्या बावीस खुणा एकेक करून डोळ्यांपुढं यायला लागल्या.

गंगूबाई खरं बोलली होती. मला ते त्या दुपारी, त्या जागेवर, पूर्ण कळलं. मी इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं. मग तीन दगड शोधले आणि त्या अंड्यांपाशी मांडले. चांगले रचून मांडले आणि निघून आलो.

इथपर्यंत जे झालं ते अज्ञान होतं. अज्ञानाला माफी असते म्हणतात. पुढचं ऐका.

चार दिवसांनी गंगूबाई ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल आणि भिंतीवर नकाशा. ती दारातच उभी राहिली. टेबलावर माझे कागद उडू नयेत म्हणून ते तीन दगड ठेवलेले होते. मुद्देमालाचा आम्ही असा उपयोग करायचो. तिनं दगडांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"गारडसायेब, तुमी माळाव फिरता. कवा पाखरू बसल्यालं बगितलं का दगडापाशी?"

एवढाच प्रश्न होता. 'हो, पाहिलं' म्हटलं असतं तर मला एक अर्ज लिहावा लागला असता, की मी केलेला पंचनामा चुकीचा होता. रेंजर साहेबांनी झापलं असतं. खड्डे अर्धे झाले होते, त्यावरही प्रश्न आला असता. मुलाच्या शाळेसाठी नगरजवळ बदली मागितली होती, ती अडली असती. यापैकी कशानंही माझा जीव गेला नसता.

मी म्हटलं, "नाही. तसलं काही दिसलं नाही."

तिनं परत एकदा दगडांकडं पाहिलं. मग म्हणाली, "बरं." आणि गेली. तिनं वाद घातला असता, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या 'बरं'चा अर्थ लागायला मला बारा-तेरा वर्षं लागली.

पावसाळ्यात झाडं लावली. जिथं थोडी माती होती तिथं गिरिपुष्पानं जोर धरला. खाली गवत पिवळं पडून विरळ झालं. कातळावरची रोपं वाळून गेली आणि खड्डे तेवढे राहिले. तपासणी रस्त्याकडच्या बाजूनं झाली, तिकडं झाडं दाट होती. मला उत्कृष्ट रोपवनाचं प्रशस्तिपत्रक मिळालं आणि मागितलेली बदलीही. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात मी मुद्दाम त्या माळावर चक्कर मारली. संध्याकाळी भोवत्या उतरताना दिसतात का बघत थांबलो. एकही उतरली नाही. गिरिपुष्पाच्या फांद्यांवर कावळे बसले होते. कुलकर्णी सर तोवर निवृत्त होऊन मुलाकडं गेले होते. ते भेटले नाहीत याचं मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो.

गंगूबाईनं मेंढरं विकली आणि ती मुलीकडं कोल्हारला गेली, असं कळलं होतं.

नोकरीच्या शेवटच्या काळात एक नवे साहेब आले. त्यांनी बैठकीत सांगितलं की माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, गवत हेच तिथलं जंगल, यापुढं अशा ठिकाणी झाडं लावायची नाहीत. बरोबरचे लोक माना डोलावत होते. मीही डोलावली. साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्ही जुने माणूस, तुमचा काय अनुभव?" मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब." तेवढंच. तिथं बोलायची दुसरी संधी होती, तीही घालवली.

निवृत्तीच्या दिवशी टेबल रिकामं केलं तेव्हा ते तीन दगड पिशवीत घातले. कुठल्याच रजिस्टरात ते आता कुणाला नको होते. बदली झाली तिथं तिथं ते माझ्याबरोबर आले होते. का नेत होतो, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. सध्या मी मुलाकडं राहतो, तो नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत कामाला आहे. सुनेनं ते दगड दोनदा बाहेर टाकले, दोनदा मी आत आणले. शेवटी ती म्हणाली, "अप्पा, देव आहेत का हे? तसं असेल तर देव्हाऱ्यात तरी ठेवा." त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग हे मला कशाला सांगताय? त्या बाईंना सांगा."

गेल्या पौषात पिशवी घेऊन मनमाडच्या गाडीत बसलो आणि कोल्हारला उतरलो. पत्ता विचारत विचारत गेलो. नदीकाठचा हिरवागार भाग, दोन्ही बाजूंना ऊस, पाटाला पाणी. घराच्या अंगणात गंगूबाई बसली होती. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. हातात चाती होती, तीवर ती लोकर कातत होती. एकही मेंढरू नाही आणि बाई लोकर कातते आहे. तिच्या मुलीनं मला पाणी दिलं आणि सांगितलं, "भावकीतल्यांकडनं आनती लोकर. हाताला चैन पडत न्हाई तिच्या."

मी म्हटलं, "मावशी, ओळखलं का?"

तिनं चाती थांबवली नाही. "गारडसायेब. म्हातारं झालात."

"इथं बरं आहे ना? पाणी आहे, हिरवं आहे."

"लई वल हाय. गुडगं धरत्यात." मग म्हणाली, "आन लांबचं काय दिसत न्हाई उसापायी."

मी पिशवीतून दगड काढून तिच्यापुढं ठेवले. बसमध्ये सगळं बोलणं जुळवून आणलं होतं. म्हटलं, "मावशी, तुम्ही खरं बोलला होता. ती पाखराचीच खूण होती. मला नंतर कळलं."

"नंतर म्हंजी कवा?"

हा प्रश्न मी जुळवणीत धरला नव्हता. क्षणभर वाटलं, सांगावं की आता निवृत्त झाल्यावर, पुस्तकात वाचून. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, "त्याच वैशाखात. तुम्ही ऑफिसात आला त्याच्या चार दिवस आधी."

चाती थांबली. तिनं लोकरीचा धागा बोटाला गुंडाळला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमी दगूड ठिवला हुता. वड्याच्या आंगाला, मोट्या खडकापशी."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"म्या मनाई आसून बी माळाव जायाची. मेंढरं न्हाई न्यायची, आपली एकली जायाची, कोनती पाखरं ऱ्हायली बगाया. तितं दगूड दिसला. मजूर तर दगूड मोडत हुतं, मांडनार कोन? आन मांडल्याला बी चुकीचा. आंड्याला पार चिकटून. आमी पाच हात लांब ठिवतो, न्हाईतर पाखरू बिचकतं. ते लांब हुबं ऱ्हायलं हुतं, आंडी उनात. म्या दगूड मागं सारला, मंग आलं ते." तिनं माझ्याकडं पाहिलं. "म्हनलं, गारडाला कळलं. आता त्यो कागद बदलंल. चार दीस वाट बगितली. मंग म्याच हापिसात आले इचाराया. म्हनलं, त्याला तोंड उगडाया जड जात आसंल, आपुन इचारावं."

म्हणजे तिनं तो प्रश्न पुराव्यासाठी विचारला नव्हता. तिला उत्तर माहीत होतं. मला खरं बोलायला सोपं जावं म्हणून ती दारात येऊन उभी राहिली होती.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. ते 'बरं' म्हणाली होती तसंच. चाती परत फिरायला लागली.

तिच्या मुलीनं चहा आणला. तो प्यायलो. निघताना मी दगड तिथंच ठेवून उठलो, तर गंगूबाईनं हाक मारली.

"दगूड न्या. हितं उसात माझ्या काय कामाचं? माळाव न्या. पाखरू बसलं की लागत्याल. पाच हात लांब ठिवा."

मी पिशवी उचलली. नव्या साहेबांनी त्या माळाच्या एका कोपऱ्यातलं गिरिपुष्प काढून टाकलं आहे. तिथं कुसळी परत येते आहे, थोडं पवन्या गवतही. या चैत्रापासून मी दर आठ दिवसांनी नागापूरहून एसटीनं तिथं जात होतो. ऊन चढेपर्यंत फिरायचो, वाकून वाकून खडे बघायचो. मुलगा म्हणतो, या वयात उन्हात कशाला जाता. सून काही म्हणत नाही, पाण्याची बाटली भरून देते.

वैशाख सरला, पण पाखरू काही बसलं नाही. पिशवी तशीच घरी परत आली आहे.